दवाखान्यापर्यंत न पोहोचलेल्यांची मोजणी

अपंग व्यक्तींना उपचार मिळवताना काय आड येतं, याची पाहणी बहुतेक वेळा आरोग्य केंद्राच्या बाकावर बसलेल्या रुग्णांपासून सुरू होते. चूक तिथेच होते. बाकावर बसलेला माणूस अडथळे पार करून आलेला असतो. ज्याला ते जमलं नाही तो वाडीतच राहतो आणि पाहणीत सापडत नाही.

म्हणून सुरुवात घरापासून हवी. आशाताईंनी "घरात कुणी अपंग आहे का?" असं विचारलं, तर गुडघे धरलेली आजी किंवा ऐकू न येणारे आजोबा कुणी सांगत नाही, ते वयाच्या खात्यावर जातं. अपंगत्व कसं मोजावं हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय वॉशिंग्टन गटाची सहा प्रश्नांची छोटी प्रश्नावली 'अपंग' हा शब्दच टाळते. दिसायला, ऐकायला, चालायला किंवा पायऱ्या चढायला, लक्षात ठेवायला, अंघोळ-कपडे करायला आणि इतरांचं बोलणं समजून घ्यायला किंवा आपलं त्यांना समजावून द्यायला त्रास होतो का, एवढंच विचारायचं. उत्तरं चार: अजिबात नाही, थोडा, खूप, जमतच नाही. एका जरी प्रश्नाला शेवटच्या दोनांपैकी उत्तर आलं, की नाव नोंदवायचं. मनोविकार मात्र यातून निसटतात, त्यांची चौकशी वेगळी करावी लागते.

मग त्या घरापासून केंद्रापर्यंतची वाट त्याच व्यक्तीसोबत चालायची. कोकणात पहिली अडचण बहुधा पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, असते. जांभ्याच्या पायऱ्या कमीजास्त उंचीच्या, आषाढात त्यांवर शेवाळ, आणि कुबडीचं रबरी बूच झिजून गुळगुळीत झालेलं. एसटीच्या तिकिटात सवलत मिळते, पण थांब्यापर्यंत उचलून आणणाऱ्या दोघांचा रोजगार बुडतो. तो केसपेपरवर दिसत नाही, म्हणून पाहणीत रुपयांत लिहावा.

केंद्राच्या दारात रॅम्प आहे की नाही यावर टिकमार्क करून भागत नाही. उतार 1:12 हवा, म्हणजे 60 सेंटिमीटरच्या जोत्याला 7.2 मीटर लांबी. जागा नाही म्हणून तो दोन-अडीच मीटरांत उरकला, तर व्हीलचेअर मागे कलंडू शकते. तपासणी सोपी आहे: 120 सेंटिमीटरची सरळ पट्टी वरच्या टोकाने उतारावर टेकवून पाणसळीने आडवी धरा, खालच्या टोकाशी फट 10 सेंटिमीटरहून जास्त असेल तर उतार जास्त आहे. वर गुळगुळीत फरशी असेल तर पावसात तीच घात करते.

आत गेल्यावरच्या अडचणी कमी लक्षात येतात. तपासणीचं टेबल व्हीलचेअरच्या बैठकीहून बरंच उंच, म्हणून पोट न तपासताच गोळ्या दिल्या जातात. वजनकाटा उभ्याचा, म्हणून वजन अंदाजे लिहिलं जातं. नंबर नुसता पुकारला तर बहिऱ्या रुग्णाची पाळी जाते, नुसता फलकावर लावला तर अंध रुग्णाची, दोन्ही हवं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 25 मध्ये सरकारी आणि खासगी रुग्णालयांत अडथळाविरहित प्रवेशाची आणि तपासणीत प्राधान्याची तरतूद आहे, ती बाह्यरुग्ण विभागात दिसेल अशी लावावी.

हीच वाट मे महिन्यात एकदा आणि जुलैत पुन्हा चालावी. दुरुस्तीचा क्रम ठरवताना जुलैची नोंद धरावी.