ओरखड्यावर काही चोळण्यापूर्वी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ओरखड्याच्या कामासाठी आमच्याकडे येणाऱ्या अनेक गाड्यांवर मूळ ओरखडा आधी शोधावा लागतो, कारण त्याच्याभोवती तळहाताएवढा निस्तेज डाग तयार झालेला असतो. विचारल्यावर उत्तर ठरलेले असते : "टूथपेस्ट लावून पाहिली होती," किंवा "घरात रबिंग कंपाउंडचा डबा पडला होता." (रबिंग कंपाउंड म्हणजे पॉलिशपेक्षा जास्त घासणारी पेस्ट.) थोडक्या वेळात उरकणारे काम त्यामुळे अर्ध्या दिवसावर जाते, आणि क्वचित ते पॉलिशच्या पलीकडे जाऊन दरवाजा किंवा बॉनेटसारखा पूर्ण पॅनल रंगवावा लागतो.

असे का होते, हे समजण्यासाठी रंगाची जाडी लक्षात घ्यावी लागते. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. कारखान्यातून आलेल्या बहुतेक गाड्यांवर हे सगळे मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरते आणि त्यातला क्लिअर कोट 35 ते 50 मायक्रॉनच्या आसपास असतो. एक मिलिमीटर म्हणजे 1000 मायक्रॉन. पॉलिशने ओरखडा भरून येत नाही. त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट ओरखड्याच्या तळाच्या जवळपास येईपर्यंत उतरवला जातो, म्हणून तो दिसेनासा होतो. उतरवलेला थर परत येत नाही, आणि उन्हापासून रंगाचे रक्षण करणारे घटक मुख्यतः याच थरात असल्यामुळे तो फार पातळ झाला की काही वर्षांनी त्या जागी रंग फिका पडतो किंवा पापुद्रे सुटू लागतात.

टूथपेस्टमध्येही घासणारे कण असतात, पण ते दातांसाठी असतात. शिवाय बोटाने एकाच जागी चोळल्यावर सगळा दाब त्या छोट्या जागेवर येतो आणि तेथे नवे बारीक चरे पडतात. सुरुवातीला ओरखडा गेल्यासारखा वाटतो, कारण पेस्ट त्याच्या खाचेत बसलेली असते. दोन वेळा गाडी धुतली की तो परत दिसतो, आता डागासह. भांड्याची घासणी वापरलेली गाडीही आम्ही पाहिली आहे. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

ओरखडा किती खोल आहे, हे मात्र आपण घरीच पाहू शकता. ती जागा साबणाच्या पाण्याने धुऊन ओली असतानाच पाहावी. ओली असताना रेघ नाहीशी होत असेल आणि वाळल्यावर पुन्हा पांढुरकी दिसत असेल, तर ओरखडा बहुधा क्लिअर कोटमध्येच आहे आणि पॉलिशने तो जाईल किंवा बराच मंदावेल. हलक्या हाताने आडवे फिरवलेले नख अडकत असेल, तर तो पॉलिशने पूर्ण जाण्याची अपेक्षा ठेवू नये. तळाशी करडा प्रायमर किंवा चकाकणारा पत्रा दिसत असेल, तर गंज धरण्यापूर्वी टच-अप, म्हणजे तेवढ्याच जागी रंग भरण्याचे काम, करून घ्यावे. बंपर बहुधा प्लॅस्टिकचा असतो, तेथे ही घाई नाही. कधी कधी तो ओरखडा नसतोच. दुसऱ्या गाडीचा किंवा खांबाचा रंग आपल्या रंगावर चढलेला असतो, आणि तो योग्य द्रावकाने पुसून निघतो.

आम्ही फोटोवरून अंदाज का देत नाही, अशी तक्रार वारंवार येते. फोटोत लांबी दिसते, खोली दिसत नाही. गाडी आल्यावर आम्ही ती जागा धुतो, मापकाने रंगाची जाडी पाहतो आणि मगच सांगतो. पॅनलच्या कडांवर व उठावाच्या रेषांवर थर मुळातच पातळ असतो, म्हणून तेथे आम्ही जास्त जपून हात चालवतो. काम सौम्य पॉलिशने सुरू करून गरज पडली तरच कंपाउंडकडे वळण्याची आमची पद्धत आहे. तिला वेळ लागतो, हे मान्य आहे. एखादी पुसट रेघ ठेवण्याचा सल्लाही आम्ही देतो, कारण ती घालवण्यासाठी खर्ची पडणारा क्लिअर कोट पुढच्या ओरखड्यासाठी शिल्लक राहिलेला बरा. मेणाने खाच बुजवून गाडी चकचकीत करून देणे आम्हाला सहज जमेल, पण काही धुण्यांनंतर आपण परत आमच्याच दारात याल.

टच-अपसाठी गाडी आणताना त्या जागेवर मेण किंवा सिलिकॉनयुक्त पॉलिश लावू नये. ते खाचेत राहिले, तर वरचा रंग धरत नाही, त्यात बारीक खड्डे पडतात आणि आम्हाला सगळे पुसून पुन्हा सुरुवात करावी लागते. रंगाचा कोड बऱ्याच गाड्यांत दरवाजाच्या चौकटीवरील किंवा बॉनेटखालील पट्टीवर असतो. तो आधी कळवल्यास रंग तयार ठेवता येतो. मेटॅलिक रंगात कोड जुळूनही चमक किंचित वेगळी दिसू शकते, कारण त्यातले धातूचे कण कसे बसतात यावर छटा अवलंबून असते, म्हणून अशा कामात आम्ही आधी नमुना दाखवतो. तो पॅनल पूर्वी कधी रंगवला असेल, तर तेही अवश्य सांगावे. आणि घरी काही चोळून झालेच असेल, तर काय चोळले ते संकोच न करता सांगावे. आम्ही रागावत नाही, फक्त त्यानुसार पॉलिश करण्याचा पॅड बदलतो.