सोन्यात तांबं घातलं म्हणजे सोनारानं फसवलं?

विट्याची गलाई करणारी माणसं देशभर सोनं-चांदी गाळतात. तरी आपल्या सांगली जिल्ह्यात अजून ऐकू येतं, "दागिन्यात तांबं घातलंय, म्हणजे सोनारानं फसवलं." हा गैरसमज आहे.

घरातलं 24 कॅरेटचं वेढणं चिमटीत धरून दाबून बघा, सहज वाकतं. सोन्याचे अणू आपले बाहेरचे इलेक्ट्रॉन जणू सामाईक ठेवतात आणि त्या इलेक्ट्रॉनांनीच सगळे अणू बांधलेले राहतात. त्यामुळे अणूंचा एक थर दुसऱ्यावरून सरकला तरी बंध तुटत नाही. खडेमिठावर हातोडा मारला की चुरा होतो. सोनं मात्र पसरत जातं, इतकं की एका ग्रॅमचा जवळजवळ एक चौरस मीटर पत्रा निघतो. अशा मऊ धातूची रोज वापरायची पाटली टिकणार कशी?

इथं तांबं कामाला येतं. सोन्याच्या अणूची त्रिज्या सुमारे 144 पिकोमीटर (मीटरचा एक लाख कोटीवा भाग म्हणजे एक पिकोमीटर), तांब्याची 128. हे लहान अणू मध्ये बसले की थर खडबडीत होतात, सरकताना अडतात आणि दागिना कणखर होतो.

फसवणूक होते ती कॅरेट खोटं सांगितलं तर. त्यासाठी दागिन्यावरचा हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेचा शिक्का, बघा: 916 म्हणजे 22 कॅरेट, हजारात 916 भाग सोनं, बाकी तांबं, चांदी वगैरे.