शिष्यवृत्तीचा अर्ज ‘सबमिट’ झाल्यानंतर : पडताळणी, पात्रता आणि कागदपत्रे

राज्य शासनाच्या महाडीबीटी या शिष्यवृत्ती अर्जांच्या पोर्टलवर अर्ज ‘सबमिट’ झाला म्हणजे शिष्यवृत्ती मंजूर झाली, हा समज दरवर्षी अनेक विद्यार्थ्यांचे नुकसान करतो. अर्ज सबमिट होतो तेव्हा खरे काम सुरू होते. विद्यार्थ्याने जे लिहिले आहे ते त्याने जोडलेल्या दाखल्यांशी जुळते का, दाखले एकमेकांशी जुळतात का आणि ते ज्या कार्यालयाने दिले म्हणतात तिथल्या नोंदीशी जुळतात का, हे तिथून पुढे तपासले जाते. तपासणारी माणसे विद्यार्थ्याला ओळखत नाहीत. त्यांच्यासमोर फक्त स्कॅन केलेली पाने असतात, आणि त्या पानांवरून जे सिद्ध होते तेवढेच त्यांना मान्य करता येते. शिवाजी विद्यापीठाचे अधिविभाग आणि कोल्हापूर परिसरातील संलग्न महाविद्यालये यांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ही पडताळणी कशी चालते आणि अर्ज कुठे अडतो, ते येथे सांगत आहे. शिष्यवृत्तीच्या टेबलावर मी बरीच वर्षे काम केले आहे. माझा अनुभव असा की, परत येणाऱ्या अर्जांपैकी बहुतेक अपात्रतेमुळे परत येत नाहीत. ते कागदांतील विसंगतीमुळे परत येतात, आणि ही विसंगती विद्यार्थ्याला अर्ज भरण्यापूर्वी घरी बसून शोधता येते.

प्रथम अर्जाचा प्रवास समजून घ्यावा. विद्यार्थ्याने अर्ज पाठवला की तो महाविद्यालयाच्या क्लार्क लॉगिनला दिसतो. तेथे कागदपत्रे, प्रवेशाचा प्रकार, वर्ग, शुल्क आणि हजेरी तपासून तो प्राचार्यांच्या लॉगिनला पाठवला जातो. प्राचार्यांच्या मान्यतेनंतर तो संबंधित विभागाच्या कार्यालयाकडे जातो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांचे अर्ज विचारे माळावरील सामाजिक न्याय भवनात असलेल्या सहाय्यक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयाकडे, कला-वाणिज्य-विज्ञान शाखांमधील उच्च शिक्षण विभागाच्या योजनांचे अर्ज विभागीय सहसंचालक, उच्च शिक्षण, कोल्हापूर यांच्याकडे आणि अभियांत्रिकीसारख्या तंत्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांचे अर्ज त्या संचालनालयाच्या पुणे येथील विभागीय कार्यालयाकडे जातात. म्हणूनच अर्ज कुठे अडकला आहे हे आधी पोर्टलवर पाहावे आणि मगच चौकशीला निघावे. अर्ज महाविद्यालयाच्याच लॉगिनला पडून असताना विचारे माळावर जाऊन रांगेत उभे राहण्यात एक दिवस वाया जातो, आणि चंदगड किंवा आजऱ्याहून येणाऱ्या पालकाचा तर दिवसाबरोबर रोजगारही बुडतो.

पात्रता योजनेनुसार बदलते. भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना मिळते व त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २ लाख ५० हजार रुपयांपर्यंत असावे लागते. उत्पन्न त्याहून अधिक असेल तर त्याच प्रवर्गासाठी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची योजना आहे, जिला सर्वजण फ्रीशिप म्हणतात. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना, म्हणजे बोलीभाषेतील ‘ईबीसी’, ही ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी आहे आणि तिचा लाभ एका कुटुंबातील दोनच अपत्यांना घेता येतो. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला आलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्काचा शंभर टक्के लाभ आहे. येथे पडताळणीत ‘अलॉटमेंट लेटर’, म्हणजे प्रवेश प्रक्रियेतून जागा मिळाल्याचे पत्र, हा निर्णायक कागद ठरतो, कारण व्यवस्थापन कोट्यातील प्रवेश या लाभात बसत नाही. शाहू महाराजांनी १९०१ सालापासून ज्या शहरात वसतिगृहे उभी करण्यास पाठबळ दिले आणि १९०२ मध्ये आपल्या संस्थानात मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, त्या शहरात त्यांच्याच नावाची योजना एका चुकीच्या दाखल्यामुळे हातची जावी, हे मला आजही सहन होत नाही.

उत्पन्नाच्या दाखल्याविषयी सविस्तर लिहावे लागेल, कारण सर्वाधिक त्रुटी तेथेच निघतात. हा दाखला तहसीलदारांचा हवा. तलाठ्याचा अहवाल हा त्या दाखल्यासाठीचा पुरावा आहे, तो दाखल्याच्या जागी चालत नाही. दाखला कोणत्या आर्थिक वर्षाचा आहे हे डोळ्यांत तेल घालून पाहावे : २०२५-२६ या शैक्षणिक वर्षाच्या अर्जाला २०२४-२५ या आर्थिक वर्षाचे उत्पन्न दाखवणारा दाखला लागतो. दाखला मिळाल्याची तारीख नवी असली तरी आतील तक्त्यात जुनेच वर्ष असू शकते. विद्यार्थी तारीख पाहतो, तपासणारा तक्ता पाहतो. दाखल्यावरील बारकोड क्रमांक अर्जात अचूक लिहावा लागतो, कारण त्यावरूनच मूळ नोंद उघडून पाहिली जाते. अर्जात लिहिलेला उत्पन्नाचा आकडा दाखल्यावरील आकड्याशी रुपयाने रुपया जुळला पाहिजे. दाखल्यावर ९६ हजार असताना ‘सुमारे एक लाख’ म्हणून १ लाख लिहिणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्यांचा हेतू वाईट नसतो, पण असा अर्ज पुढे पाठवता येत नाही.

आई आणि वडील दोघेही कमावते असतील तर दोघांचे उत्पन्न धरले जाते. वडील साखर कारखान्यात किंवा शिरोलीच्या फौंड्रीत कायम नोकरीला असतील तर पगारपत्रक किंवा ‘फॉर्म १६’ जोडून आणि शेती असेल तर सात-बारा व आठ-अ उतारे जोडून दाखला काढावा. पगार असताना केवळ शेतीचे उत्पन्न दाखवून दाखला घेणे ही खोटी माहिती ठरते. असे प्रकरण उघडकीस आले तर मिळालेली रक्कम वसूल होते, पुढील लाभ थांबतो आणि कारवाईही होऊ शकते. वडिलांचे निधन झाले असल्यास मृत्यू दाखला जोडावा व उत्पन्नाचा दाखला आईच्या नावे काढावा. उत्पन्न, जात, रहिवास, नॉन-क्रिमीलेअर (मागास प्रवर्गातील उन्नत गटात न मोडण्याचा) अशा दाखल्यांसाठी करावयाच्या प्रतिज्ञापत्रावरील मुद्रांक शुल्क शासनाने माफ केले आहे. त्यामुळे कोणी पाचशे रुपयांचा स्टॅम्प पेपर आणायला सांगितले तर या माफीची आठवण त्यांना जरूर करून द्यावी.

दुसरी मोठी अडचण नावाची. गेल्या काही वर्षांतील एक प्रकरण मला जसेच्या तसे आठवते. राधानगरी तालुक्यातील एका विद्यार्थिनीच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव ‘मारुती’, जातीच्या दाखल्यावर ‘मारूती ज्ञानू’, तर उत्पन्नाच्या दाखल्यावर ‘मारुती ज्ञानदेव’ होते. गावात ज्ञानू आणि ज्ञानदेव ही एकाच माणसाची नावे आहेत हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. पण स्कॅन केलेल्या तीन पानांत ती तीन माणसे ठरू शकतात. तिचे वडील माझ्या टेबलासमोर उभे राहून रेशनकार्ड उलगडून दाखवत होते, आणि त्या घडी पडलेल्या पिवळ्या कार्डावर तर आजोबांचे नाव चौथ्याच तऱ्हेने लिहिलेले होते. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडून तो अर्ज आम्ही पुढे पाठवला आणि तो मंजूरही झाला, परंतु त्यात तीन आठवडे गेले.

अशा वेळी कोणता कागद दुरुस्त करायचा, याचा विचार शांतपणे करावा. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नोंद शाळा सोडल्यानंतर बदलणे अतिशय कठीण असते, म्हणून दहावीचे प्रमाणपत्र हा पाया मानावा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्यावेत. आधारवरील नाव दहावीच्या गुणपत्रिकेच्या आधारे दुरुस्त करता येते, मात्र ही मुभा आयुष्यात दोनदाच आहे आणि जन्मतारखेची दुरुस्ती सर्वसाधारणपणे एकदाच होते. त्यामुळे आधार केंद्रावर पावती हातात घेतल्याबरोबर, ऑपरेटरसमोरच, मराठी आणि इंग्रजी दोन्ही अक्षरे वाचून पाहावीत. विवाहानंतर नाव बदललेल्या विद्यार्थिनींनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत अर्जासोबत ठेवावी.

जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला प्रांताधिकारी देतात, दुसरे जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी वैधता प्रमाणपत्र लागते आणि ते मिळवण्यास वेळ लागतो. त्यासाठी वडील, आजोबा किंवा पणजोबांचा जुना पुरावा द्यावा लागतो : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागास व विशेष मागास प्रवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आजोबा ज्या प्राथमिक शाळेत गेले तेथील रजिस्टरचा उतारा हा बहुतेक वेळा सर्वात भक्कम पुरावा ठरतो. आजोबा शाळेतच गेले नसतील तर गावकामगार नोंदी, जुने खरेदीखत, जन्म-मृत्यू नोंदी यांचा शोध घ्यावा लागतो. हे काम बारावी विज्ञानच्या वर्षातच, प्राचार्यांच्या शिफारसपत्रासह सुरू करावे. प्रवेश झाल्यानंतर धावपळ केली तर वर्ष हातातून निसटते. इतर मागास व भटक्या प्रवर्गांतील विद्यार्थ्यांनी नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत संपलेली नाही ना, हेही पाहावे.

बोनाफाईड, मागील वर्षाची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, शुल्काची पावती आणि शिक्षणात खंड असल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र हे कागद सहसा अडत नाहीत, फक्त ते अस्पष्ट स्कॅन करू नयेत. वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठी अर्ज करणाऱ्यांनी वसतिगृह प्रमुखांचा दाखला आणि पालक अल्पभूधारक अथवा नोंदणीकृत मजूर असल्याचा पुरावा जोडावा.

केंद्र शासनाच्या योजनांसाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल वेगळे आहे. तेथे आधी ‘ओटीआर’ म्हणजे चौदा अंकी एकवेळ नोंदणी करावी लागते. बारावीला आपल्या मंडळात ८० पर्सेंटाईलच्या वर (८० टक्के गुण नव्हे, तर गुणानुक्रमे वरच्या वीस टक्क्यांत) असलेल्या आणि साडेचार लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांना तेथील केंद्रीय योजनेतून पदवीच्या काळात वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. तेथेही महाविद्यालयाचा नोडल अधिकारी, म्हणजे या कामासाठी नेमलेला अधिकारी, पहिली पडताळणी करतो आणि ती मुदतीत झाली नाही तर अर्ज पुढे जात नाही. या पोर्टलवर अर्ज करणारे विद्यार्थी महाविद्यालयाला कळवत नाहीत, ही तक्रार आमच्या टेबलावर नेहमीची आहे. अर्ज भरल्यावर छापील प्रत व मूळ कागदपत्रे घेऊन नोडल अधिकाऱ्यांना आवर्जून भेटावे.

अर्जात त्रुटी निघाली तर तो ‘सेंड बॅक’ होतो. ‘सेंड बॅक’ म्हणजे नाकारणे नव्हे. कोणती त्रुटी आहे हे शेऱ्यात लिहिलेले असते. तेवढीच दुरुस्त करून अर्ज मुदतीत पुन्हा पाठवावा. मोबाइलवरील संदेशावर विसंबून राहू नये, कारण पुष्कळांचे नंबर मधल्या काळात बदललेले असतात. आठवड्यातून एकदा स्वतः लॉगिन करून स्थिती पाहावी. लॉगिनचा पासवर्ड कॅफेवाल्याकडे ठेवू नये, वहीत लिहून घरी ठेवावा.

मंजुरीनंतर पैसे कुठे जातात, याबाबतही गोंधळ होतो. रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यात न जाता, आधार क्रमांकाशी सर्वात शेवटी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. विद्यार्थ्याने नंतर एखादे नवे खाते उघडताना आधार जोडले असेल, तर पैसे तेथे जातात आणि तो जुन्या बँकेत पासबुक भरून निराश परततो. कोणते खाते जोडलेले आहे हे ‘माय आधार’ संकेतस्थळावरील बँक सीडिंगच्या स्थितीत दिसते. खाते बंद पडलेले असेल तर बँकेत जाऊन ते आधी चालू करून घ्यावे.

अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत २०२१ पासून केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असून केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यात महाविद्यालयाचे शुल्क समाविष्ट असते. ते तातडीने महाविद्यालयात भरून पावती घ्यावी, अन्यथा वर्षअखेरीस शुल्क थकीत दिसते. पुढील वर्षी नूतनीकरणाच्या अर्जाला नव्या आर्थिक वर्षाचा उत्पन्नाचा दाखला पुन्हा लागतो. तो जूनमध्ये प्रवेशाच्या गर्दीत काढण्याऐवजी एप्रिल-मे महिन्यात, परीक्षा संपवून गावी गेल्यावर, आपल्या तालुक्याच्या सेतू केंद्रात अर्ज करून काढून ठेवावा.