जोडीचे व्हॉल्व्ह

व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) पुश-पुल, म्हणजे दोन व्हॉल्व्ह एकमेकांविरुद्ध ओढत चालवणारा, अ‍ॅम्प्लिफायर घरी बांधणारे लोक ‘मॅच्ड पेअर’साठी, म्हणजे सारख्या गुणांच्या जोडीसाठी, जादा पैसे मोजतात. हे पैसे कशाचे, ते व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरकडे पाहिल्यावर कळतं.

त्याच्या प्रायमरीच्या (व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीच्या) मधोमध, समजा, 400 व्होल्टचा पुरवठा येतो आणि दोन टोकांना एकेक ईएल-34 व्हॉल्व्ह असतो. गाणं सुरू नसतानाही प्रत्येकातून 35-40 मिलिअँपिअर वाहतच असतात. मध्यापासून ते विरुद्ध दिशांना जातात, म्हणून लोखंडी गाभ्यातलं दोघांचं चुंबकत्व एकमेकांना खोडतं. प्रवाह असमान असले की फरकाइतकं चुंबकत्व उरतं आणि गाभा एका बाजूने आधीच भरलेला राहतो. त्याचा पहिला फटका खर्जाला बसतो, कारण गाभ्यावर सर्वांत जास्त ताण तोच आणतो. साध्या ईआय (E आणि I आकाराच्या) पट्ट्यांच्या सांध्यांत बारीक फटी राहतात, त्यामुळे तो गाभा थोडा फरक सोसतो. टोरॉइडला, म्हणजे सलग कड्यासारख्या गाभ्याला, मात्र मोजके मिलिअँपिअरही जड जातात.

मोजायची युक्ती सोपी आहे. प्रत्येक व्हॉल्व्हचा कॅथोड (प्रवाह जिथून ग्राउंडकडे जातो ते टोक) आणि ग्राउंड यांच्यामध्ये 10 ओहमचा, एक टक्का अचूकतेचा रेझिस्टर घालायचा. त्यावर 0.38 व्होल्ट म्हणजे 38 मिलिअँपिअर, स्क्रीन ग्रिडचा (व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या जाळीचा) प्रवाह धरून. दुसरीकडे 0.31 दिसलं तर फरक सातचा. प्रत्येक व्हॉल्व्हला स्वतंत्र बायस प्रीसेट (फिरवून जुळवायचा छोटा रेझिस्टर) असेल तर ग्रिडचं, म्हणजे प्रवाह आवरणाऱ्या जाळीचं, ऋण व्होल्टेज किंचित बदलून हा फरक मिटतो. माझ्या मते डब्यावरच्या ‘मॅच्ड’च्या चिठ्ठीपेक्षा हे दोन प्रीसेट जास्त मोलाचे, कारण व्हॉल्व्ह जुळतात की नाही ते तुमच्याच व्होल्टेजवर पाहायचं असतं. ट्रान्सकंडक्टन्समधला (ग्रिडच्या व्होल्टेजमागे प्रवाह किती बदलतो त्यातला) फरक प्रीसेटने जात नाही. त्यामुळे सम हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट, चौपट कंपनांचे नको असलेले सूर) पूर्ण खोडले जात नाहीत, पण ते कानाला फारसं बोचत नाही.

व्हॉल्व्ह अर्धा तास तापू द्यावेत, मगच आकडे खरे मानावेत. आणि एक हात खिशात ठेवावा: वीज बंद केल्यावरही वीजपुरवठ्याच्या फिल्टर कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज उरतो.

प्रीसेट फिरवूनही फरक हटत नसेल, तर अ‍ॅम्प्लिफायर बंद करून दोन्ही व्हॉल्व्हच्या जागा बदलाव्यात. जास्तीचा आकडा व्हॉल्व्हबरोबर सरकला तर दोष त्याचा. तो त्याच सॉकेटवर ठाण मांडून बसला, तर आधी त्या बाजूचा कपलिंग कपॅसिटर (मागच्या टप्प्याकडून फक्त आवाजाचा संकेत ग्रिडकडे जाऊ देणारा) तपासा. तो गळत असेल तर मागच्या टप्प्याचं धन व्होल्टेज ग्रिडवर झिरपतं आणि तिथे कितीही महाग व्हॉल्व्ह लावला तरी तो तापतच राहतो.