बंब (निगा व सफाई)

बंब : आंघोळीचे पाणी तापविण्याचे तांब्याचे, क्वचित पितळेचे साधन. उभे पात्र, त्याच्या पोटातून आरपार गेलेला धुराचा नळा, नळ्याच्या तळाशी जाळी व खाली राखेची जागा अशी रचना असते. येथे ग्वाल्हेरच्या मराठी घरांपुरता विचार केला आहे.

शब्द पोर्तुगीज ‘बोंबा’ (पंप) यावरून आला, असे सामान्यतः मानतात. आगीच्या बंबाला हे सरळ लागू पडते. पाण्याच्या बंबात मात्र पंप नसतोच. काही हिंदी कोशकार ‘बंबा’ हा शब्द अरबी ‘मंबअ’शी (उगम, झरा) जोडतात. ग्वाल्हेरकडे बंबा म्हणजे कालव्याची लहान शाखा, हा अर्थ त्याला पोषक आहे. तथापि आगीचा आणि पाण्याचा हे दोन्ही अर्थ गुजरातीतील ‘बंबो’लाही आहेत. किनाऱ्यावरच्या या दोन भाषांत हीच जोडी आढळावी, यावरून मराठी शब्दापुरता पोर्तुगीज उगम अधिक सयुक्तिक वाटतो. रशियन समोवाराशी (चहाचे पाणी तापविण्याचे भांडे) असलेले रचनेचे साम्य लक्षणीय आहे. पण तेवढ्यावरून उसनवारी ठरत नाही.

दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याजवळ तळ दिला, त्यातून लष्कर हे शहर (आजच्या ग्वाल्हेरचा भाग) वाढले. तेथील वाड्यांत बंब त्यानंतर, बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला असावा. जानेवारीत पहाटेचा पारा सरासरी ७° से.च्या आसपास उतरत असल्याने त्याची गरज पुण्यापेक्षा येथे अधिक.

निगेतील पहिला नियम, रिकाम्या बंबात जाळ घालू नये. डाग दिलेले सांधे कथिल-शिशाचे असतात व ते सुमारे १८३° से.पासून वितळू लागतात. पाणी आत असेतो तापमान १०० च्या वर जात नाही. तोटी खाली असलेल्या बंबात हा धोका मोठा. वरून गार पाणी ओतले की तेवढेच ऊन पाणी वरच्या तोटीतून पडते, अशा बंबात तो जवळजवळ नाही.

बंबफोड (बंबासाठी फोडलेली बारीक लाकडे), गोवऱ्या, कोळसा यांची काजळी नळ्यात धरते व उष्णता अडवते. बंब गार असताना काठीला काथ्या गुंडाळून ती वरून खाली उतरवतात. ओली राख जाळी खाते, म्हणून रोज काढावी. पाणी तापताना त्यातील विद्राव्य बायकार्बोनेटे फुटून कॅल्शियम कार्बोनेटाचा पांढरा थर आत बसतो. विहिरीच्या पाण्याने तो दाट होतो, तिघरा जलाशयाच्या पाण्याने कमी. चिंचेचा कोळ ऊन पाण्यात कालवून रात्रभर ठेवला की टार्टारिक आम्लाने थर सुटू लागतो. जुन्या थरावर ठोकाठोकी केल्यास पत्रा चिरतो. बाहेरचा काळेपणा व हिरवट पुटही चिंच-मिठानेच जाते. तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला गवई गळ्यासाठी चघळतात; घरातली चिंच बंबाच्या वाट्याला येते.

धुरातील कार्बन मोनॉक्साइडमुळे बंब बंद न्हाणीघरात पेटवू नये. चौकात किंवा मोरीबाहेर ठेवण्याची रीत त्यामुळे योग्यच. गॅस व विजेचे गिझर आल्यावर बहुतेक बंब माळ्यावर गेले. नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी पाणी भरण्याच्या वेळी मात्र काही घरांत तो अजूनही उतरवून घासतात.