नागरी रस्त्यांच्या झिजेचे पूर्वानुमान

रस्त्याचा पृष्ठभाग व त्याखालील थर वाहनांचा भार, पाणी आणि तापमान यांमुळे किती काळात व कोणत्या प्रकारे खराब होतील, याचा आगाऊ अंदाज बांधण्याची पद्धती. भेगा, चाकोऱ्या, खड्डे व खडबडीतपणा ही झिजेची मोजली जाणारी प्रमुख लक्षणे होत.

या विषयाचा आरंभ सामान्यतः अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ऑटवा गावाजवळ 1958–60 मध्ये झालेल्या ‘आशो’ (अमेरिकेतील राज्य महामार्ग अधिकाऱ्यांची संघटना) रस्ता-चाचणीपासून धरतात. तथापि भाराखाली रस्ता किती दबतो हे मोजणारा बेंकेलमन बीम त्याआधीच, 1950 नंतरच्या काही वर्षांत आयडाहो राज्यातील चाचणीच्या निमित्ताने पुढे आला होता. ऑटवा येथील निष्कर्षांतून ‘चतुर्थ घात नियम’ रूढ झाला : झीज आसावरील (चाकांची जोडी ज्यावर बसवलेली असते त्या दांड्यावरील) भाराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, म्हणजे एका आसावरील भार दुप्पट झाल्यास झीज सुमारे सोळापट होते. त्यामुळे सर्व आसभार सुमारे 80 किलोन्यूटनच्या (सुमारे 8 टन वजनाच्या) प्रमाण आसात रूपांतरित करून मोजता येतात, आणि या हिशेबात मोटारगाडीचा वाटा मालमोटारीपुढे नगण्य ठरतो. या नियमाच्या व्याप्तीविषयी मात्र मतभेद आहेत. ती चाचणी एकाच प्रकारच्या मातीवर, हिवाळ्यात जमीन गोठणाऱ्या प्रदेशात, दोनच वर्षे आणि सुमारे 11 लाख आसफेऱ्यांपुरती चालली. वर्षानुवर्षे उन्हापावसात डांबर ठिसूळ होण्याचा परिणाम तीत जवळजवळ उतरला नाही. पुढील विश्लेषणांत हा घातांक थरांची रचना व नुकसानीचा प्रकार यांनुसार बदलतो असे दिसले. म्हणून चार हा आकडा नियम न मानता स्थूल अंदाज मानणेच अधिक युक्त होय.

भारतात इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते-अभियंत्यांच्या संस्थेच्या 37 क्रमांकाच्या मार्गदर्शिकेची (पहिली आवृत्ती 1970) अलीकडील रूपे मुख्यतः दोन विकृतींवर (भाराखाली थर किंचित ताणला वा दबला जाण्याच्या प्रमाणावर) आधारलेली आहेत : डांबरी थराच्या तळाशी येणारा ताण, ज्यातून थकव्याच्या भेगा पडतात, आणि मूळ जमिनीच्या माथ्यावरील दाब, ज्यातून चाकोऱ्या पडतात. चाकोरीची खोली 20 मिमी. झाली की रस्ता निकामी समजतात.

रस्त्यांच्या संपूर्ण जाळ्यासाठी अवस्थांतराच्या, म्हणजे रस्ता एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाण्याच्या, संभाव्यता मांडणारी मार्कोव्ह साखळी ही गणिती पद्धत वापरतात. ॲरिझोना राज्याने ती 1980 च्या सुमारास व्यवहारात आणली.

शहरी रस्त्यांवर बसथांबे व सिग्नल यांपाशी संथ, जड वाहनांमुळे डांबर सरकते. दख्खनमधील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आक्रसते. जलवाहिन्या व केबलींसाठी खोदलेले चर नीट दाबून न भरल्यास खचतात आणि त्यांच्या कडांतून पाणी खालच्या थरांत उतरते. भारावर आधारलेल्या सूत्रांत या खोदाईचा हिशेब येत नाही.