दारुहळद, बर्बेरिन आणि जिवाणूचा पंप

२०२३ पासून समाजमाध्यमांवर बर्बेरिनच्या गोळ्या ‘निसर्गाचे ओझेम्पिक’ म्हणून खपवल्या जात आहेत. ओझेम्पिक हे मधुमेहावरचे, वजनही उतरवणारे इंजेक्शन; त्यातले सेमाग्लुटाइड हे औषध आतड्यातल्या एका संप्रेरकाची नक्कल करते. बर्बेरिनचे काम त्या वाटेने चालत नाही आणि त्याने वजन उतरलेच तर थोडेसेच. या गवगव्यात त्याचा खरा गुण झाकला गेला आहे.

बर्बेरिन हे दारुहळदीतले पिवळे द्रव्य. हिमालयात साधारण २००० ते ३००० मीटरवर वाढणारे हे काटेरी झुडूप. गढवाल-कुमाऊंत त्याला किल्मोडा म्हणतात. साल खरवडली की आतले लाकूड गर्द पिवळे निघते. द्रव्य सर्वांत जास्त मुळाच्या सालीत, म्हणून औषधासाठी झुडूप मुळासकट उपटले जाते. जांभळट-काळ्या फळांत ते फारच कमी. ती पिकल्यावर आंबटगोड लागतात आणि डोंगरातली मुले झुडपावरूनच खातात.

मुळाचा पारंपरिक कल्प म्हणजे रसांजन, बाजारातले रसौत. भरड मूळ सोळापट पाण्यात चौथाई उरेपर्यंत उकळायचे, गाळायचे, मग काढ्याइतकेच दूध घालून मंद आचेवर घट्ट होईपर्यंत आटवायचे. शेवटी आच वाढली की तळ करपतो. विकतच्या रसौतात माती नि काड्या असतात, म्हणून ते गरम पाण्यात विरघळवून, कापडातून गाळून पुन्हा आटवतात. घरी केलेले रसांजन डोळ्यांत घालू नये, ते निर्जंतुक नसते.

आता गंमत. बर्बेरिनच्या रेणूतल्या नायट्रोजनवर धनभार असतो. जिवंत जिवाणूची पेशी आतून ऋणभारित असते, त्यामुळे बर्बेरिन आत खेचले जाते आणि डीएनएला चिकटते. तरीही गळवे आणि जखमांत पू करणारा जिवाणू स्टॅफिलोकोकस ऑरियस त्याला सहज दाद देत नाही, कारण त्याच्या पेशीच्या पटलात ‘नॉर-ए’ नावाचा प्रथिनाचा पंप आहे. प्रोटॉन (धनभारित कण) आत घेताना मिळणाऱ्या ऊर्जेवर तो बर्बेरिन बाहेर फेकत राहतो. बादलीला भोक असावे तसे आत काही साठतच नाही. २००० साली अमेरिकी संशोधकांनी तिथल्या बर्बेरिस (दारुहळदीच्या कुळातल्या) जातींत ५′-मेथॉक्सिहायड्नोकार्पिन हे आणखी एक द्रव्य शोधले. एकटे ते जिवाणूला काहीच करत नाही, पण पंप रोखते. मग बर्बेरिन आत साचते आणि जिवाणूची वाढ थांबते. एकाच झुडपात मारक द्रव्य आणि पंप बंद पाडणारे द्रव्य! शुद्ध बर्बेरिनच्या गोळीत हा जोडीदार नसतो.

आपल्या आतड्याच्या पेशींतही पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा असाच पंप आहे. तो बर्बेरिन पुन्हा आतड्यात ढकलतो. उंदरांवरच्या मोजणीत तोंडावाटे दिलेल्यापैकी एक टक्क्याहूनही कमी रक्तात पोचले. जुलाबात हेच पथ्यावर पडते, कारण औषध आतड्यातच हवे असते. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बांगलादेशातल्या चाचणीत ४०० मिलिग्रॅमच्या एकाच मात्रेने ई. कोलाय या जिवाणूमुळे झालेले जुलाब बरेच कमी झाले. पटकीवर मात्र परिणाम नगण्य होता. मीठ-साखरेचे पाणी दोन्हींत लागतेच.

पिवळ्या काविळीवर पिवळे लाकूड ही समजूत मात्र सोडून द्यावी. रंग जुळला म्हणून रोग बरा होत नाही. काविळीच्या तान्ह्या बाळाला तर दारुहळद कधीच देऊ नये: बर्बेरिन रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनावरून बिलिरुबिनला, म्हणजे काविळीच्या पिवळ्या रंगद्रव्याला, हुसकावते आणि सुटे झालेले बिलिरुबिन मेंदूत शिरू शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनीही ती टाळावी. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून सायक्लोस्पोरिन हे औषध चालू असेल तर बर्बेरिनमुळे त्याचे रक्तातले प्रमाण वाढते.

विकत घेताना आडवा छेद पाहा. दक्षिणेकडून येणाऱ्या एका दुर्मिळ वेलीचे पिवळे खोडही याच नावाने विकतात. त्यात रुंद किरणरेषा आणि मोठी छिद्रे नुसत्या डोळ्यांना दिसतात; दारुहळदीचे लाकूड टणक आणि बारीक छिद्रांचे असते. त्या वेलीतही बर्बेरिन आहे, त्यामुळे नुसत्या पिवळ्या रंगावरून फरक कळत नाही.